एका सकाळचे दोन आकडे

एकाच सकाळी माझ्या रक्ताचे दोन आकडे आले, रक्त गोठायला किती उशीर लागतो ते सांगणारे. बोटाला टोचून काढलेल्या थेंबाचा ४.८ आणि त्यानंतर पाच मिनिटांनी शिरेतून काढलेल्या रक्ताचा २.६. पहिला खरा धरला तर त्या रात्री गुठळ्या होऊ न देणारी गोळी घ्यायची नाही. दुसरा खरा धरला तर नेहमीची गोळी नेहमीच्या वेळी घ्यायची. त्या सकाळपर्यंत मी कशी पोचले ते आधी सांगते.

मी देवगड तालुक्यातल्या किनाऱ्यालगतच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. २०१६ च्या मे महिन्यात रात्रभर बसचा प्रवास करून मुंबईहून आले आणि तिसऱ्या दिवशी माझा डावा पाय मांडीपर्यंत सुजला. बसून बसून पाय धरला असेल असं वाटून सासूबाईंनी तेल लावून चोळला. असा सुजलेला पाय चोळायचा नसतो हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. त्यांच्या मनाला ते अजून लागून आहे. कणकवलीला डॉप्लर, म्हणजे शिरांची सोनोग्राफी, केला तेव्हा मांडीच्या शिरेत गुठळी दिसली.

त्याआधी दोन वर्षांत माझे दोन गर्भपात झाले होते, दोन्ही तिसरा महिना उलटल्यावर. दुसऱ्या वेळी पिशवी साफ करण्यापूर्वी रक्त तपासलं तेव्हा एपीटीटी नावाची चाचणी लांबलेली आली होती, म्हणजे परीक्षानळीत माझं रक्त गोठायला जास्त वेळ लागत होता. तिथे मला सांगितलं गेलं की तुमचं रक्त मुळातच पातळ आहे. व्हिटॅमिन के चं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. तो कागद मी फाइलमध्ये ठेवला होता. पायाची गुठळी घेऊन कोल्हापूरला गेलो तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी नेमका तोच कागद बाहेर काढला आणि म्हणाले, "हे पातळ रक्त नाही. हे गुठळ्या करणारं रक्त आहे."

अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम, म्हणजे एपीएस, हे नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. लंडनच्या डॉ. ग्रॅहम ह्यूज यांनी १९८३ मध्ये या आजाराचं वर्णन केलं, म्हणून त्याला ह्यूज सिंड्रोमही म्हणतात. शरीर स्वतःच्याच विरुद्ध काही प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडीज, तयार करतं. ती शोधायच्या चाचण्या तीन: ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आणि अँटि बीटा-२ ग्लायकोप्रोटीन. यातलं पहिलं नाव दोनदा फसवतं. ल्युपस हा आजार नसतानाही ते रक्तात सापडतं, माझ्यात सापडलं. आणि अँटिकोअ‍ॅग्युलंट म्हणजे रक्त गोठू न देणारं, पण ते तसं वागतं फक्त परीक्षानळीत. चाचणीला लागणारे फॉस्फोलिपिड नावाचे स्निग्ध पदार्थ ही प्रतिपिंडं अडवून धरतात, म्हणून नळीतली गुठळी उशिरा होते. शरीरात मात्र उलटं, गुठळ्या वाढतात.

एका चाचणीवर हा आजार ठरवत नाहीत. कमीत कमी बारा आठवड्यांनी पुन्हा तपासावं लागतं, कारण एखाद्या तापानंतरही ही प्रतिपिंडं तात्पुरती दिसू शकतात. माझं पहिलं रक्त हेपॅरिन हे गुठळी वाढू न देणारं इंजेक्शन सुरू होण्याआधीच घेऊन मुंबईला पाठवलं होतं, हे फार बरं झालं. औषध चालू असताना ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंटची चाचणी वाचणं अवघड होतं. दुसऱ्या वेळीही बाकीच्या दोन चाचण्यांचे आकडे चढेच आले. तिन्ही पॉझिटिव्ह, म्हणजे जोखीम सगळ्यात जास्त.

गोळी सुरू झाली वॉर्फरिनची. शेजारच्या काकांनी नाव वाचलं आणि म्हणाले, "हे उंदरांचं औषध ना?" त्या रात्री मी झोपले नाही. पुढच्या भेटीत डॉक्टरांना घाबरत घाबरत विचारलं, तर त्यांनी सगळी गोष्टच सांगितली. १९२० च्या दशकात कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत बुरशी आलेलं स्वीट क्लोव्हर नावाचं गवत खाऊन गुरं रक्तस्राव होऊन मरायला लागली. १९३३ च्या हिवाळ्यात एक शेतकरी मेलेलं वासरू आणि न गोठणाऱ्या रक्तानं भरलेला दुधाचा कॅन घेऊन बर्फातून विस्कॉन्सिनच्या विद्यापीठात पोचला. तिथे कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेनं पुढे त्या गवतातला पदार्थ शोधला. त्याचंच सुधारलेलं रूप १९४८ मध्ये उंदरांसाठी विकायला आलं आणि १९५४ पासून माणसांना औषध म्हणून मिळू लागलं. आमच्या गोठ्यात तेव्हा दोन गाई होत्या. त्या शेतकऱ्याच्या जागी मी माझ्या सासऱ्यांना बघत होते आणि का कोण जाणे, गोळीची भीती तिथेच कमी झाली.

वॉर्फरिन रक्त पाण्यासारखं पातळ करत नाही. यकृत व्हिटॅमिन के वापरून गोठण्याचे काही घटक बनवतं. ही गोळी ते बनणं कमी करते. आधीचे घटक संपेपर्यंत दिवस लागतात, म्हणून सुरुवातीला पोटात हेपॅरिनची इंजेक्शनं आणि गोळी दोन्ही बरोबर चालतात. आज बदललेल्या गोळीचा परिणामही दोन-तीन दिवसांनी दिसतो. हे एकदा डोक्यात बसलं की रोज उठून गोळी कमी-जास्त करायची घाई होत नाही.

तो परिणाम मोजायचा तो आयएनआरनं. रक्तातल्या द्रवात थ्रोम्बोप्लास्टिन नावाचं रसायन घालतात आणि गुठळी व्हायला किती सेकंद लागतात ते बघतात. प्रत्येक कंपनीचं रसायन वेगळं, त्यामुळे सेकंदही वेगळे. ते सगळे एका मापात बसावेत म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनं आयएनआर ही पद्धत स्वीकारली, तीही १९८३ मध्येच. गोळी न घेणाऱ्या माणसाचा आकडा १ च्या आसपास असतो. माझा २ ते ३ मध्ये ठेवायचा. दोनच्या खाली गुठळीची भीती, तीनच्या वर जसजसा जाईल तसतशी रक्तस्रावाची.

मी शंभर पानी वही घातली. तारीख, तपासणी कुठे केली, आकडा, त्या आठवड्याच्या गोळ्यांची बेरीज, आणि शेवटी एक रुंद रकाना: "या दिवसांत काय झालं". सध्या सोमवार ते शुक्रवार ६ मिलिग्रॅम, शनिवार-रविवार ५, म्हणजे आठवड्याला ४०. डॉक्टर बदल करतात तो या बेरजेत, दहा टक्क्यांच्या आसपास. गोळी रात्री नऊला. शनिवारी सकाळची शाळा सुटली की एसटीनं कणकवली, रक्त द्यायचं, संध्याकाळी आकडा मोबाइलवर येतो आणि गरज असली तर त्याच रात्रीची गोळी बदलता येते. रात्रीची वेळ त्यासाठीच. गोळी चुकली आणि त्याच दिवशी आठवली तर घ्यायची, दुसऱ्या दिवशी आठवली तर सोडून द्यायची, दुप्पट कधीच नाही.

तो शेवटचा रुंद रकानाच पुढे सगळ्यात उपयोगी पडला.

पहिल्याच वर्षी श्रावणात आकडा १.७ वर आला. गोळी एकही चुकली नव्हती. वही उघडली तर रकान्यात लिहिलेलं: टाकळा, अळूचं फतफतं, कुर्डू, पुन्हा टाकळा, आणि गोकुळाष्टमीला शेगलाची भाजी. पहिल्या पावसानंतर आमच्याकडे परड्यात आणि सड्यावर जे उगवतं ते सगळं ताटात येतं, आणि हिरव्या पाल्यात व्हिटॅमिन के भरपूर असतं. मी घरात जाहीर केलं की आता पालेभाजी बंद. सासूबाई म्हणाल्या, "भाजी खाव नको तर मगे खातलंस काय?" आणि डॉक्टरांचंही म्हणणं जवळपास तेच निघालं. पालेभाजी सोडायची नाही, ती सारखी ठेवायची. आठवड्याला दोन वाट्या ठरल्या तर श्रावणातही दोन आणि चैत्रातही दोन. गोळी त्या हिशेबानं बसवता येते. तेव्हापासून सासूबाई मंगळवारी आणि शुक्रवारी पालेभाजी करतात. अष्टमीची शेगलाची भाजी त्या आठवड्याच्या दोन वाट्यांमधली एक असते.

तपासणीच्या जागेचीही नोंद ठेवायला मी एका चुकीनंतर लागले. एकदा वेगळ्या ठिकाणी रक्त दिलं. निळ्या टोपणाची नळी असते, तिच्यात सायट्रेट आधीच घातलेलं असतं आणि रक्त बरोबर खुणेपर्यंत भरावं लागतं, नऊ भाग रक्त आणि एक भाग सायट्रेट. शीर नीट मिळेना म्हणून तिथल्या मुलानं नळी अर्धीच भरून लावून दिली. आकडा ३.९. दोन दिवसांनी नेहमीच्या ठिकाणी २.८. नळीत रक्त कमी म्हणजे त्या मानानं सायट्रेट जास्त, मग गुठळी उशिरा होते आणि आकडा खोटा चढतो. आता मी नळीकडे बघते आणि खुणेच्या खाली असेल तर दुसरी भरायला सांगते. कुणी रागावलं तरी सांगते.

औषधाच्या दुकानातही असंच झालं. वॉर्फरिन संपलं होतं, तर काउंटरवरच्या माणसानं ॲसिनोकुमेरॉलची गोळी पुढे केली आणि म्हणाला की कामाला एकच. काम एकच असलं तरी मात्रा एकास एक बसत नाही. मी ती न घेता परत आले आणि तेव्हापासून घरात पंधरा दिवसांच्या गोळ्या जास्तीच्या ठेवते.

आता त्या मशीनकडे येते. २०२१ च्या जुलैत पावसानं झोडपलं होतं. घाटात दरड आली की कोल्हापूर तुटतं, आणि ओढ्याला पाणी आलं की कणकवलीही लांब. भावानं मुंबईहून बोटाच्या थेंबावर आयएनआर दाखवणारं छोटं मशीन आणि पट्ट्या पाठवल्या. साखर तपासतात तसंच. मला वाटलं, सुटले एकदाची. पहिल्याच तपासणीत आकडा ४.९.

हिरड्यातून रक्त नाही, अंगावर काळेनिळे डाग नाहीत, शौचाचा रंग नेहमीचा. तरी आकडा ४.९ म्हटल्यावर हात थरथरायला लागले. कोल्हापूरचा फोन लागेना. जवळच्या दवाखान्यात फोन केला. त्यांनी आकडा ऐकून दोन दिवस गोळी बंद करायला सांगितलं. त्यांच्या जागी कुणीही तेच सांगितलं असतं, मशीनबद्दल त्यांना वेगळं ठाऊक असायचं कारण नव्हतं. तिसऱ्या दिवशी माझा डावा पाय जड वाटायला लागला. ह्यांनी रिक्षा केली आणि पाण्यातून वाट काढत आम्ही कणकवली गाठली. डॉप्लरमध्ये नवीन गुठळी नव्हती. शिरेतल्या रक्ताचा आयएनआर मात्र १.४ होता. २०१६ चा सुजलेला पाय त्या संध्याकाळी मला जसाच्या तसा आठवत होता. आकडा दोनच्या वर येईपर्यंत पुन्हा पोटात इंजेक्शनं घेतली.

कोल्हापूरच्या डॉक्टरांनी सगळं ऐकून एकच सांगितलं: आकडा स्थिर झाला की मशीन घेऊन लॅबमध्ये जा आणि एकाच वेळी दोन्ही करा. ती सुरुवातीला सांगितलेली सकाळ. ४.८ आणि २.६.

मग दोन्हीतला खरा कोणता हे तिसऱ्या चाचणीनं ठरवलं. गोठण्याचा दहावा घटक, फॅक्टर टेन, रंगाच्या पद्धतीनं मोजतात. या चाचणीत गुठळी होण्याची वाट बघायचीच नसते, रंग किती उमटला ते मोजतात, त्यामुळे ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट मध्ये लुडबुड करू शकत नाही. नमुना मुंबईला गेला. साधारण २० ते ४० टक्के म्हणजे आयएनआर २ ते ३ च्या जवळपास, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. माझा आला २८ टक्के. म्हणजे शिरेचा २.६ खरा होता आणि मशीनचा ४.८ माझ्याच प्रतिपिंडांनी चढवलेला होता. एपीएस असलेल्या सगळ्यांचं असं होत नाही. काहींचं मशीन आणि लॅब बऱ्यापैकी जुळतं. पण जुळतं की नाही हे शिरेच्या रक्ताशी ताडून बघितल्याशिवाय कळत नाही, आणि लॅबचं काही विशिष्ट थ्रोम्बोप्लास्टिनसुद्धा असंच फसवू शकतं. म्हणून लॅब बदलायची नाही, आणि बदलावीच लागली तर जुन्या आणि नव्या दोन्हीकडे एकदा बरोबरीनं तपासायचं. मशीन मी भावाला परत दिलं. त्याच्या ओळखीत हृदयाची झडप बदललेले एक गृहस्थ आहेत, ते अजून वापरतात आणि त्यांचं लॅबशी छान जुळतं.

याच मशीनच्या दिवसांत मी डॉक्टरांना नव्या गोळ्यांबद्दलही विचारलं होतं. रक्त तपासायलाच नको अशा गोळ्या आल्यात म्हणे, मग मला का नाही? ते रागावले नाहीत. इटलीत तिन्ही चाचण्या पॉझिटिव्ह असलेल्या १२० रुग्णांवर अभ्यास झाला होता, २०१८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. रिव्हरोक्झाबान ही नवी गोळी घेणाऱ्या गटात सात जणांना गुठळीमुळे पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका आला, वॉर्फरिनच्या गटात एकालाही नाही. अभ्यास मध्येच थांबवावा लागला. २०१९ मध्ये युरोपच्या औषध नियंत्रकांनी अशा रुग्णांना या प्रकारच्या गोळ्या देऊ नयेत असं कळवलं. मी पुन्हा तो प्रश्न विचारला नाही. शनिवारची एसटी मला मान्य आहे.

मध्ये एक वर्ष मात्र वॉर्फरिन पूर्ण बंद होतं. २०१८ च्या अखेरीस पुन्हा दिवस राहिले. ही गोळी पोटातल्या बाळाला बाधते, विशेषतः सहाव्या ते बाराव्या आठवड्यात, म्हणून आम्ही आधीपासून ठरवून ठेवलं होतं: पाळी चुकली की दुसऱ्याच दिवशी तपासायचं आणि हेपॅरिनवर जायचं. रोज दोन वेळा इंजेक्शन, सोबत कमी मात्रेचं ॲस्पिरिन. ह्यांनी सुई टोचायला शिकून घेतलं. तिथेही ती जुनी एपीटीटी आडवी आली. हेपॅरिनचा परिणाम त्या चाचणीनं बघायची पद्धत आहे, पण माझी मुळातच लांबलेली, तिच्यावर काय ठरवणार? मग अँटि-टेनए नावाची चाचणी करावी लागली, ती कोल्हापूरलाच. सातव्या महिन्यात ह्यांनी टोचलेल्या सुयांच्या निळ्या खुणांनी पोट भरलं होतं आणि आत मुलगी लाथा मारत होती. ऑगस्टमध्ये ती झाली. बाळंतपणानंतर वॉर्फरिन पुन्हा सुरू झालं. ही गोळी घेऊन अंगावर पाजता येतं, हे ऐकून मी दवाखान्यातच रडले.

गेल्या वर्षी लावणीच्या दिवसांत मला ताप भरला. आमच्याकडे लावणीत ताप म्हटला की लेप्टो, म्हणजे चिखलपाण्यातून लागणारा लेप्टोस्पायरोसिस, मनात येतोच. दवाखान्यात कमरेत दुखणं थांबवणारं इंजेक्शन भरून तयार होतं. मी पर्समधलं कार्ड काढून दाखवलं: वॉर्फरिन चालू, स्नायूत इंजेक्शन नको, डायक्लोफिनॅक आणि आयब्युप्रोफेन नको. त्यांनी लगेच इंजेक्शन बाजूला ठेवलं, पॅरासिटामॉल दिलं, लेप्टोची आणि प्लेटलेटची तपासणी लिहिली आणि डॉक्सिसायक्लिन सुरू केलं. अँटिबायोटिकनं आकडा चढतो हे वहीत आधीच लिहिलेलं होतं, दाढेसाठी अँटिबायोटिक घेतलं होतं तेव्हाचं. म्हणून शनिवारची वाट न बघता चौथ्या दिवशी रक्त दिलं. ३.८. आठवड्याची बेरीज चारनं कमी केली, गोळ्यांचा कोर्स संपल्यावर पुन्हा तपासलं आणि पूर्ववत आणली. लेप्टो नव्हता. ताप पाच दिवसांत गेला.

पावसात पायरीवरचं शेवाळ मी स्वतः खरवडते. डोक्याला मार लागला तर दुखत नसलं तरी थेट मोठ्या दवाखान्यात जायचं, हे घरात सगळ्यांना पाठ आहे, मुलीलासुद्धा. रात्री नऊला गोळ्यांची डबी तीच आणून देते.

वही आता चौथी चालू आहे. परवाच्या शनिवारी सहाच्या सुमारास मी परतीच्या एसटीत होते तेव्हा मेसेज आला. घरी आले तर सासूबाई खळ्यात बसल्या होत्या.

"आकडो किती इलो गो?"

"२.४, आई."

"मगे बरा आसा," म्हणाल्या, आणि मंगळवारसाठी टाकळा निवडायला घेतला.